प्रलयानंतर, तीन प्रतींत

जगबुडी होऊन गेलेल्या गेमच्या दुनियेत पाऊस पडत नाही, धान्य उगवत नाही, पण मितभाषी माणसांचं पीक मात्र भरघोस येतं. खेळाडूला म्हणावं, तुझं स्वतःचं एक पात्र तयार कर, त्याला नाव दे, स्वभाव दे, भूतकाळ दे, की बहुतेक जण एकाच माणसाला जन्म देतात. त्याचं नाव रेवन, शॅडो किंवा ऍश असं काहीतरी असतं; आडनाव प्रलयात वाहून गेलेलं असतं. एका डोळ्यावरून तिरका व्रण गेलेला असतो, पण डोळा शाबूत असतो, कारण पुढे नेम धरायचा असतो. आई-वडील पहिल्या परिच्छेदातच मारले जातात, त्यामुळे ‘जेवलास का?’ असं विचारणारं कोणी मागे उरत नाही. अंगात घोट्यापर्यंत काळा कोट, तोही वाळवंटात. आपण कुणावर विश्वास ठेवत नाही, हे तो मितभाषी असूनही भेटेल त्याला सांगत सुटतो. चार जण टेबलाभोवती बसून खेळत असतील तर हा गुत्त्याच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसतो, आणि उरलेल्या तिघांची निम्मी संध्याकाळ त्याला मोहिमेवर येण्यासाठी विनवण्यात जाते.

रेवन दुःखी आहे, याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की त्याच्याबद्दल जे काही सांगितलं जातं ते सगळं त्याच्या जगाबद्दलचं असतं. जिथे सगळ्यांचंच सगळं गेलेलं आहे तिथे ‘माझं सगळं गेलं’ ही काही ओळख होत नाही. तो फार तर पत्ता झाला. माझं म्हणणं थोडक्यात असं: प्रलयानंतरच्या पात्राला स्वभाव येतो तो त्याच्या एखाद्या बिनकामाच्या हट्टातून. जग बुडालं, त्या गोष्टीचा आता काडीचा उपयोग नाही, तरी हा माणूस ती सोडत नाही आणि त्यापायी पदरचं काहीतरी घालवतो, हे कळलं की तो डोळ्यांपुढे उभा राहतो. कोट, व्रण आणि बंदूक हे सामान झालं. ते गेम फुकट देतो.

या प्रकारातली सगळ्यात गाजलेली मालिका म्हणजे ‘फॉलआउट’, आणि तिच्या पहिल्याच भागात या म्हणण्याला पुरावा आहे. तो भाग १९९७ साली इंटरप्ले कंपनीनं काढला. त्या जगात २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अणुयुद्ध होतं आणि साधारण दोन तासांत आटोपतंही. गोष्ट सुरू होते २१६१ साली. मधे ८४ वर्षं गेलेली. नायक जमिनीखालच्या तेरा क्रमांकाच्या वॉल्टमध्ये, म्हणजे निवाऱ्यात, जन्मला आणि वाढला. जुनं जग त्यानं पाहिलेलंच नाही, तेव्हा त्याच्यासाठी गळा काढायला तो अधिकारी नाही. त्याला बाहेर पाठवतात तेही सूड घ्यायला नव्हे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातली एक चिप बिघडली आहे, सुटा भाग मिळत नाही, आणि पाणी १५० दिवस पुरेल इतकंच आहे. ही कथा महाराष्ट्रातल्या कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगा. तो तिला विज्ञानकथा म्हणणार नाही, तो विचारील की एएमसी, म्हणजे देखभालीचं कंत्राट, कुणाकडे आहे. इतक्या मोठ्या प्रलयाच्या पार्श्वभूमीवर इतकं छोटं काम देणाऱ्या माणसांना गंमत नक्की कळलेली होती.

ती त्यांना कुठून कळली याचाही माग लागतो. हा गेम आधी ‘गर्प्स’ या कागद-पेन्सिलीच्या खेळाच्या नियमांवर बांधला जात होता. स्टीव्ह जॅक्सन यांच्या या १९८६ सालच्या नियमांत पात्र विकत घ्यावं लागतं. ताकद हवी, पॉइंट मोजा. अक्कल हवी, आणखी मोजा. पॉइंट संपले की स्वतःच्या उणिवा विकायला काढा. शिवाय पाचपर्यंत बारीकसारीक लकबी लिहून दिल्या तर प्रत्येकीमागे एक पॉइंट परत मिळतो. म्हणजे ‘ताटात भात आणि भाजी एकमेकांना लागलेली चालत नाही’ या तऱ्हेवाईकपणाला तिथे रोख भाव आहे. पुढे गर्प्सशी असलेला करार फिसकटला आणि फॉलआउटच्या मंडळींनी स्वतःची पद्धत बसवली, पण हिशेबी वृत्ती तीच राहिली. ताकद, नजर, चिवटपणा, छाप, बुद्धी, चपळाई आणि नशीब असे सात गुण. सगळे ५ वर सुरू होतात, हातात वरचे ५ पॉइंट, एकूण ४०. सगळीकडे १० घेता येत नाहीत. एकीकडे वाढवायचं तर दुसरीकडे पोट कापावं लागतं. त्याखेरीज हवे असतील तर दोनपर्यंत स्वभावविशेष निवडायचे, आणि त्यातल्या प्रत्येकाला एक फायदा व एक तोटा जोडलेला. निव्वळ फायद्याचा स्वभाव तिथे मिळत नाही. लग्नाच्या बायोडाट्यांना हा नियम लावायला कुणाचीच हरकत नसावी, वधू-वर सूचक मंडळं वगळता.

या हिशेबातून काय निघतं ते १९९८ सालच्या ‘फॉलआउट २’मध्ये दिसतं. बुद्धी अगदी खाली ठेवून खेळलं तर पात्राला धड वाक्य बोलता येत नाही. हुं, हं, मारू, खाऊ एवढ्यावर सगळा संसार. लोक कामं देत नाहीत, तोंडावर दार लावतात. मग क्लॅमथ नावाच्या गावात टॉर भेटतो. हाही तसाच, गुरं राखणारा, अडखळत बोलणारा. आणि या दोघांची गाठ पडली की अचानक दोन विद्वानांचा संवाद सुरू होतो, लांबलचक वाक्यं, भारदस्त शब्द. उणिवेतून पात्र घडतं म्हणजे काय, याचा याहून चांगला दाखला माझ्या माहितीत नाही. या दोघांवरून शंभर कोट आणि व्रण ओवाळून टाकावेत. (टॉर राखतो ती गुरं दोन तोंडांची असतात आणि गेममध्ये त्यांना ‘ब्राह्मिन’ म्हणतात. २००८ साली मायक्रोसॉफ्टनं ‘फॉलआउट ३’ भारतात आणायचा नाही असं ठरवलं, सांस्कृतिक संवेदनशीलतेचं मोघम कारण दिलं, आणि बहुतेकांनी तर्कानं बोट या गायीकडे दाखवलं. तिच्या नेमक्या कुठल्या तोंडावर आक्षेप होता याचा खुलासा झाला नाही. अणुयुद्धाबद्दल मात्र कुणाच्या भावना दुखावल्याचं ऐकिवात नाही.)

तिसरा भाग बेथेस्डा कंपनीनं केला. दोन टोकं असलेले ते स्वभावविशेष तिनं काढूनच टाकले, आणि स्वभाव ठरवायला तिथे सोळाव्या वर्षी चक्क परीक्षा घेतली जाते. तिच्यावरून तुम्ही वॉल्टमध्ये धर्मगुरू होणार की ज्यूकबॉक्स दुरुस्त करणार हे ठरतं. मात्र शिक्षकांशी गोड बोललं तर ते पेपर न सोडवताच हवा तो निकाल लिहून देतात. आपल्याकडच्या खेळाडूला हा प्रसंग विशेष वास्तववादी वाटत असणार. चौथ्या भागात, २०१५ साली, कंपनीनं आणखी कष्ट वाचवले: पात्राला तयार आवाज व तयार दुःख दिलं. जोडीदाराला डोळ्यांदेखत गोळी घातली जाते, तान्हं बाळ पळवलं जातं, आता शोध. कागदावर यापेक्षा ठसठशीत प्रेरणा कुठली? प्रत्यक्षात काय होतं ते हा गेम खेळलेल्या कुणालाही विचारावं. बाळ बाजूला राहतं आणि हे दुःखी आई-बाप पडक्या ऑफिसांतून टेबलफॅन गोळा करत हिंडतात, कारण फॅन मोडला की स्क्रू मिळतात आणि बंदुकीत सुधारणा करायची तर स्क्रूंवाचून अडतं. बाळाची चिंता लेखकानं लादलेली होती. टेबलफॅनचा लोभ खेळाडूचा स्वतःचा होता. पात्राचा खरा स्वभाव कुणाला शोधायचा असेल तर त्यानं त्याची पिशवी तपासावी.

आता कोणी म्हणेल की हे सगळं गेमपुरतं. खऱ्या प्रलयात कोण असल्या क्षुल्लक गोष्टींना चिकटून बसेल? याचं उत्तर अमेरिकी सरकारच्या दप्तरात आहे. शीतयुद्धाच्या काळात तिथल्या टपाल खात्यानं अणुहल्ल्यानंतर वाटण्यासाठी पत्ता बदलाची आणीबाणीची कार्डं छापून ठेवली होती. शहर गेलं, घर गेलं, पण टपाल नव्या पत्त्यावर यायला हवं ना! करखात्याच्या नियमपुस्तिकेत अणुहल्ल्यानंतर करवसुली कशी चालू ठेवावी याच्या सूचना होत्या. व्हर्जिनियातल्या कल्पेपर इथे डोंगराच्या पोटात १९६९ साली फेडरल रिझर्व्हनं तळघर उघडलं आणि त्यात अब्जावधी डॉलरच्या नोटा रचून ठेवल्या, हेतू हा की जग संपल्यावर रोकड कमी पडू नये. (फॉलआउटमध्ये प्रलयानंतर चलन म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची झाकणं चालतात. दोन्ही योजना शेजारी ठेवल्या तर झाकणांची जास्त व्यवहार्य वाटते.) हे लोक वेडे नव्हते. जगाचा अंत ही कल्पना मनात मावत नाही म्हणून तिला आपल्या खात्याच्या नमुन्यात बसवत होते, आणि माणसाचा स्वभाव म्हणतात तो बहुधा हाच.

तेव्हा रेवनऐवजी याच पुराव्यातून एक पात्र घडवून पाहू. नाव मार्था. बेचाळीस वर्षांची, वॉल्टमधल्या टपाल कचेरीत कारकून. कचेरी चार पिढ्या चालू आहे, पत्र एकही आलेलं नाही, पण हजेरीपट आहे. निवारा सोडायची वेळ आली तेव्हा इतरांनी पाणी, औषधं, काडतुसं उचलली. तिनं पत्ता बदलाच्या कार्डांची पेटी उचलली. तिचा हट्ट एवढाच की बाहेर जो कोणी जिवंत आहे त्याचा पत्ता नोंदलेला असला पाहिजे. लुटारूनं बंदूक रोखून ‘हात वर!’ म्हटलं तर ती विचारते, दोन्ही वर केले तर लिहिणार कोण? मग चौकशी सुरू होते. जुना पत्ता? जळाला. जळाला हे कारण झालं, तुम्ही पत्ता सांगा. हे ऐकताना लुटारूला आयुष्यात प्रथमच कुणीतरी ‘तुम्ही’ म्हटल्याचं लक्षात येतं आणि त्याचा नेम थोडा ढळतो. इथपर्यंत मार्था हा एक विनोद आहे, आणि एवढ्यावर थांबली तर तिसऱ्या दिवशी सगळ्यांना नकोशी होईल.

कारण ‘तऱ्हेवाईक म्हणजे स्वभाव’ असं समजणारेही खेळाडू असतात आणि ते रेवनपेक्षा कमी त्रासदायक नसतात. माझ्या पात्राला बटाटे फार आवडतात, असं सांगून ते प्रत्येक वाक्यात बटाटा आणतात. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. हट्टाची किंमत मोजावी लागली तरच त्याला काही वजन येतं, आणि पहिल्या फॉलआउटमध्ये वजन शब्दशः मोजता येतं: ताकद ३ असलेल्या माणसाला १०० पौंड ओझं उचलता येतं, त्याच्या वर एक गोळीसुद्धा नाही. त्यातले वीस पौंड कार्डांच्या पेटीनं खाल्ले तर तेवढं पाणी आणि तेवढी काडतुसं मागे राहिली. आता प्रत्येक वाळवंटात पेटी टाकायची की नाही हा प्रश्न उभा राहणार. त्याहून पुढची गोष्ट अशी की नोंदी वाढत जातात. लोक मार्थाला शोधत येऊ लागतात: माझ्या भावानं कार्ड भरलंय का, बघा जरा. निरुपयोगी वही त्या सगळ्या मुलखात माणसं सापडण्याचं एकमेव साधन होते. आणि मग ती वही कुणा टोळीप्रमुखालाही हवी असते, कारण कोण कुठे राहतं हे ज्याला ठाऊक त्याला कोणाला कुठे लुटायचं हेही ठाऊक. वही द्यायची की जाळायची? मार्थानं उभ्या आयुष्यात कागद जाळलेला नाही. पात्राचा विकास म्हणतात तो इथे होतो, लेखकानं एकही नातेवाईक न मारता. याच टोळीप्रमुखानं रेवनला पकडलं तर त्याच्याकडून काढून घेण्यासारखं काय आहे? कोट.

सगळ्यात जोरदार आक्षेप वेगळाच आहे. माणूस दिवसभर ऑफिसात फॉर्म भरतो, लोकलला लोंबकळत घरी येतो, जेवतो, आणि रात्री अकराला तासभर गेम लावतो. त्यानं तिथेही कारकुनीच करायची? त्याला एक तास निर्विकार चेहऱ्यानं, हातात बंदूक घेऊन, कुणाचंही न ऐकता चालू द्यावं की! याला उत्तर देताना थोडी नरमाई हवी, कारण मागणी न्याय्य आहे. एकट्यानं खेळणाऱ्यानं खुशाल रेवन व्हावं. त्या तासात तो कुणाला त्रास देत नाही. पण स्वप्नरंजन म्हणूनही रेवन फार तुटपुंजा आहे. ऑफिसात कुणी आपलं ऐकत नाही म्हणून गेममध्ये आपण कुणाचं ऐकायचं नाही, यात बदल एवढाच की आता दोन्ही बाजूंनी कुणी कुणाचं ऐकत नाही. मार्थाचं स्वप्न त्यापेक्षा कितीतरी मोठं आहे: भरलेला फॉर्म खरंच कुणाच्या तरी उपयोगी पडतो, अशा जगाचं. आजवर कुठल्याही गेम कंपनीला इतकी अचाट कल्पना झेपलेली नाही. शिवाय दुकान, दप्तर, खानावळ या गोष्टी प्रलयकथेत बसत नाहीत असं मुळीच नाही. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० सालच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या टेबलावरच्या खेळात गुत्तेवजा खानावळ चालवणारं एक तयार पात्र आहे. त्याच खेळात प्रत्येक पात्राच्या कागदावर ते उरलेल्या पात्रांना किती ओळखतं याचा आकडा लिहावा लागतो. म्हणजे ‘मी कुणाला ओळखत नाही’ म्हणणाऱ्यालाही शेजाऱ्याकडून आकडा आणावा लागतो, आणि तो मागायचा तर आधी शेजाऱ्याशी बोलावं लागतं.

राहिला एक आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. आघात हा आघात असतो. ज्यानं सगळं गमावलं त्याच्या हातात कार्डांची पेटी देऊन हशा पिकवणं हे निर्दयपणाचं नाही का? आपत्तीत माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणारं एक केंद्र ओहायो स्टेट विद्यापीठात १९६३ साली सुरू झालं, पुढे ते डेलावेअरला गेलं. एन्रिको क्वारंटेली हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून वारंवार पुढे आलं ते असं की चित्रपटांत दिसते तशी बेभान पळापळ आणि लुटालूट खऱ्या आपत्तीत विरळा; लोक बहुतांशी आपली आधीची कामं, आधीची नाती घेऊनच वावरतात. आणि पेटीच हवी असेल तर लेनिनग्राडची घ्या. १९४१ ते ४४ या वेढ्यात तिथल्या वनस्पतिसंस्थेतले काही शास्त्रज्ञ उपासमारीनं मेले, आणि ते मेले ते तांदूळ, शेंगदाणे, धान्य यांच्या शेकडो वाणांच्या पाकिटांमध्ये बसून. निकोलाय वाविलोव यांनी जगभरातून जमवलेला बियाण्यांचा तो साठा होता; नमुने खायचे नसतात म्हणून त्यांनी ते खाल्ले नाहीत. त्यांच्या जागी रेवन असता तर त्यानं तांदूळ शिजवला असता आणि मग खिडकीत उभं राहून दूरवर पाहिलं असतं. दुःख मोठं दाखवायचं तर माणूस काय सोडायला तयार नाही ते दाखवावं लागतं, आणि हसू येतं ते तिथेच येतं. त्याला इलाज नाही.

तेव्हा मार्थाचा कागद भरून टाकू. ४० पॉइंट आहेत. ताकद ३, पेटीपुरती. नजर ८, कारण वाईट अक्षर वाचायचं आहे. चिवटपणा ७, ही खातेनिहाय पात्रता समजावी. छाप २, याहून जास्त दिली तर खिडकीपुढे गर्दी होईल, आणि दुसऱ्या भागाच्या नियमानं छाप २ असणाऱ्याला एकच सोबती मिळतो, तेवढा पेटी धरायला पुरे. बुद्धी ७, चपळाई ४. उरले ९, ते सगळे नशिबाला, कारण असल्या स्वभावानं या जगात इतकी वर्षं टिकायचं तर दुसरा मार्ग दिसत नाही. स्वभावविशेष एकच घ्यायचा आणि तो पहिल्या भागात तयारच आहे: पनवती. तोटा असा की लढाईत आपलं काम हटकून फसतं. फायदा असा की आसपास जो कोणी असेल त्या प्रत्येकाचंही फसतं. नेम चुकतात, बंदुका हातातून निसटतात, तावातावानं आलेली माणसं ऐन वेळी हात हलवत उभी राहतात. असली व्यवस्था मार्थानं जन्मभर कचेरीत पाहिलेली असल्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटत नाही. ती पुढचं कार्ड काढते.